माणिकताईंचा कोजागिरीचा डबा

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. अमरावती

माणिकताई गेल्याचा निरोप सकाळी गटावर आला, तोही त्यांच्याच नंबरावरून. "माणिक आज पहाटे गेली. उत्तमराव." एवढंच. काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात होत्या, अंत्यविधी कधी, काही नाही. लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी चित्र टाकलं नाही. गटाची अ‍ॅडमिन मी आहे. मी हात जोडले की बातमी खरी ठरते.

परवा रविवारी, पौर्णिमेला, कोजागिरीपर्यंतच्या महिन्यासाठी भुलाबाई बसवल्यावर याच बाईचा मला व्हॉइस मेसेज होता, खणखणीत आवाजात. "दुर्गाताई, यंदा कोजागिरीचा डबा माहा. असा डबा हालवीन का तुमच्या टेलिफोनच्या कानालेई नाई समजन." असं बोलणारी बाई दोन दिवसांत जाते?

आमचा गट 'भुलाबाईचा डबा'. लॉकडाऊनमध्ये मीच सुरू केला. लहानपणी भुलाबाईची गाणी संपली की आई झाकण लावलेला डबा हलवायची आणि आत काय खाऊ आहे ते आम्ही आवाजावरून ओळखायचो. तेच आम्ही फोनवर करतो. दर गुरुवारी एकीने डबा हलवून आवाज टाकायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. नियमही माझे: सुप्रभात नको, आलेलं पुढे ढकलणं नको, आणि गट फक्त बायकांचा. नागपूरच्या पौर्णिमाच्या फोनवरून तिचा नवरा उत्तरं देतो असं कळलं, तेव्हा मी तिला त्याच दिवशी काढलं. बायका इथे घरचं बोलतात. पुरुषाचा कान नको.

अकोल्याच्या माणिकताई गटातल्या सर्वांत तरबेज. उत्तर उशिरा द्यायच्या, पण चुकायच्या नाहीत. शिवाय माझ्याशी वेगळं बोलणं रोजचं. आज दिवसभर फोन चार्जिंगला लावून ठेवला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार

पेपरातल्या अकोल्याच्या पानावर निधनवार्ता शोधली. नाही. मूर्तिजापूरच्या बेबीताईंना फोन केला, त्यांचं माहेर अकोल्याचं.

"तुमच्या पेपरात आहे का काही?"

"नाई जी. पन समदे लोक कुठं देतात पेपरात?"

"मग खरं कशावरून?"

"ताई," बेबीताई म्हणाल्या, "तुमी यमालेई आधारकार्ड मागसान."

त्या हसल्या, मग रडल्या. मला दोन्ही जास्त वाटलं. बेबीताईंना काहीतरी माहीत असावं.

बायका म्हणतात, उद्याचा डबा बंद ठेवा, दुखवटा पाळा. मी लिहिलं, खात्री होईपर्यंत खेळ बंद होणार नाही. कोणी उलट बोललं नाही. पाठीमागे बोलल्या असतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

बरं झालं बंद ठेवला नाही.

डबा बेबीताईंचा होता. दुपारी त्यांनी हलवला. जड, कोरडा, ठकठक आवाज. कोणी म्हणालं खारका, कोणी सुपारी, कोणी वाटाणे. मी खारीक म्हटलं. आणि मग माणिकताईंच्या नंबरावरून एक शब्द आला: "चिंचोके."

मी वाचला आणि तो गेला. 'हा मेसेज हटवला गेला आहे.' दुसऱ्या कोणी पाहिला नसावा, मी मात्र पाहिला.

संध्याकाळी बेबीताईंनी झाकण काढून फोटो टाकला. भाजलेले चिंचोके.

आता चिंचोके कोण ओळखतं? चिंचोके हल्ली कोणी भाजतही नाही. ही माणिकताईंचीच ओळख. म्हणजे त्या जिवंत आहेत, गटात आहेत, आणि आम्हाला हात जोडायला लावून मजा बघत आहेत. नाही तर बेबीताईंनी आधीच सांगून ठेवलं. नाही तर तो नंबर पहिल्यापासून भलत्याच कोणाचा आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. कोणीतरी उचलला, श्वास ऐकू आला, आणि ठेवला.

पाच वर्षांत माणिकताईंनी माझा फोन एकदाही उचलला नाही. नेहमी मागाहून मेसेज: "फोन नका करत जाऊ ताई, बोलून पाठवा, मी पाठवतो उत्तर." मी सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात केली. आवाजावरून माणूस ओळखणं हे माझं काम होतं. जो फोन उचलत नाही त्याच्या घरात काहीतरी लपवलेलं असतं, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्यांचं बोलणंही जरुरीपेक्षा मोठ्याने, लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं. गाणं म्हणायच्या तेही सुराच्या जरा बाजूने. मला वाटायचं, खेड्यातली सवय.

प्राजक्ताला पुण्याला सांगितलं. म्हणाली, "आई, माणसं मरतात. तुला पुरावा कशाला हवाय?"

ती माझी मुलगी आहे, पण हे तिला सांगता येणार नाही. तिचे बाबा, खुशालराव गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला कोणाशी बोलता येत नव्हतं. तेराव्यानंतर एका दुपारी मी फोन हातात घेतला आणि माणिकताईंना जे होतं ते सगळं बोलले. काय बोलले ते इथेही लिहिणार नाही. उत्तर आलं: "बोला तुमी. मी आयकून राहिली." त्यावर मी आणखी बोलले. पुढेही बरेच दिवस बोलत राहिले.

माणिकताई खोट्या असतील तर ते सगळं मी कोणापाशी बोलले? मला एवढंच कळायला हवं.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुरड्या पाठवल्या होत्या. त्या पार्सलचं कापड मी धुऊन ठेवलं होतं, चांगलं जाड होतं म्हणून. वर पत्ता आहे, डाबकी रोडचा. शाई फिकी झाली आहे पण वाचता येतो. अक्षर पुरुषी.

मंगळवारी जाते. बेबीताई म्हणाल्या, मीही येते. नको म्हटलं. त्यांच्यावरही अजून भरवसा नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल लिहिणं झालं नाही. आज सलग लिहिते, म्हणजे नंतर मनाने काही घालणार नाही.

सकाळच्या एस.टी.ने निघाले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बेबीताई थेट माझ्या खिडकीशी. दशम्या आणि मिरचीचा ठेचा दिला. मी याच बसमध्ये आहे हे यांना कोणी सांगितलं, असं मनात आलं. मग आठवलं, मीच सांगितलं होतं.

"माणिकताई भेटल्या तर काय म्हनसान?" त्यांनी विचारलं.

"जाब विचारीन."

"आन् नाई भेटल्या तं?"

तेवढ्यात बस सुटली.

अकोल्यात रिक्षावाल्याला घर शोधावं लागलं नाही. घर साधं, पुढे तुळस, ओट्यावर चपलांचे ठसे. माणसं बरीच येऊन गेल्यासारखे. मी दारातून विचारलं, "चपला इथेच काढायच्या का?"

आत सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मान वर न करता म्हणाले, "या, दुर्गाताई."

मी नाव सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला, आणि रागही. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून जी. पाच वर्षं झाले आयकून राहिलो."

हे उत्तमराव. भिंतीला बाईचा फोटो, हार घातलेला. मी माणिकताईंना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे फोटोवरून काही सिद्ध होत नव्हतं. तसं मी म्हणालेसुद्धा. सुतकाच्या घरात असं बोलू नये हे कळत होतं. त्यांच्या सूनबाईने पाण्याचा तांब्या आणला होता, ती तशीच उभी राहिली.

उत्तमराव रागावले नाहीत. उठून त्यांनी माणिकताईंचा फोन आणला आणि त्या रविवारचा, मला आलेला मेसेज लावला. "असा डबा हालवीन का..." मग मला फोटोतल्या बाईच्या तोंडाकडे बघायला लावलं. मोठं, जरा वाकडं, बोलायला आलेलं तोंड. आवाज त्याच तोंडाचा होता. मी पाणी प्यायले. सुतक मी मानत नाही.

"काय झालं होतं?"

"छातीत दुखलं. दवाखान्यात नेईनेईपर्यंत सरली."

"मग गुरुवारी चिंचोके कोणी लिहिलं?"

"मी." ते सतरंजीचा काठ नीट करत राहिले. "सवयीनं हात गेला. आवाज आयकला, समजलं चिंचोके हायेत, आन् तिले सांगाले मान वर केली. मंग आठवलं. मंग पुसलं."

"म्हणजे पाच वर्षं उत्तरं तुम्ही देत होतात. बायकांच्या गटात."

"मी नाई. आमी." ते फोटोकडे बघून म्हणाले, "तिले आयकू येत नव्हतं, ताई. गट सुरू झाला त्याच्या किती तरी आदीपासून. पयले एक कान गेला, मंग दुसरा. मशीन लावलं, तं तिले नुसती घरघर ये. फेकून देल्लं तिनं."

मला हे खरं वाटलं नाही. बहिरी बाई आवाजावरून डबा ओळखते, हे कोणालाही खरं वाटणार नाही. मी तसं म्हटलं.

त्यांनी सूनबाईला डबा आणायला सांगितला. पितळी, साधा, झाकण घट्ट. "फोन मी कानाले लावो. मंग सयपाकघरातून एकेक जिन्नस यात टाको, ती हालवे. मी मान हालवून सांगो, असा नाई, याहून बारीक. याहून भरीव. मंग ती डबा नुसता हातात तोले आन् सांगे, आता फुटाने टाका, आता करडी टाका. आवाज मले समजे, जिनसा तिले समजत. दोघं मिळून एक बाई होती तुमच्या गटात."

"आणि आमचे मेसेज?"

कोपऱ्यात शाळेची पाटी होती, लाकडी चौकटीची. खडूने पांढुरकी झालेली. "यावर लिहून दाखवो. तिचं वाचून झालं का पुसून टाको. बाईमानसाचं बोलनं घरात पडून राहू नये."

"मला सांगायचं होतं."

"म्या म्हटलं तिले. तं म्हने, गट बायकायचा हाये, मानूस आयकते म्हटल्यावर कोनी मोकळं बोलन का? आन् त्या पौर्णिमाताईले तुमी काढलं ना, त्या दिवशी ही जेवली नाई. म्हने, दुर्गाताई मलेई काढतीन. म्या म्हटलं, कावून खेळतं मंग, तुले आयकू येत नाई. तं म्हने, मंग तुमचे कान कोन्या कामाचे हायेत?"

सूनबाई हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं. खुशालराव गेल्यानंतरचं. ते सगळं पाटीवर लिहिलं का?

उत्तमरावांनी पाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "थे नाई लिहिलं जी. थे माह्यासाठी नव्हतं. म्या फकस्त लिहिलं, दुर्गाताई दुखात हायेत, बोलून राहिल्या. तिनं विचारलं, काय बोलून राहिल्या? म्या लिहिलं, कोनी आयकाव म्हनून बोलून राहिल्या."

"आणि मग तिनं..."

"मंग तिनं तुमाले पाठवलं थे. मी आयकून राहिली म्हनून."

मी उठले. निघताना त्यांनी तो पितळी नव्हे, दुसरा, स्टीलचा डबा हातात दिला. झाकणाभोवती चिकटपट्टी. "कोजागिरीचा. शनिवारीच भरून ठेवला तिनं. काय भरलं थे मलेई नाई सांगतलं, सांगतलं तं खेळ कायचा. तुमी हालवा तिच्याकून. आन् एक, ताई. मंग तिचा नंबर काढाचा असन तं काढा. पन कोजागिरीपर्यंत राहू द्या."

बसमध्ये मी डबा कानाशी धरून हलवला. काही आवाज आला नाही. पुन्हा हलवला. शेजारची बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

डबा रिकामा आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस राग राग झाला. मी बोलले ते तिने कधी ऐकलंच नाही. ज्याने ऐकलं त्याला मी बोलले नव्हते. आणि जिने उत्तर दिलं तिला काय झालंय हे माहीतच नव्हतं. मग माझं सांत्वन केलं कोणी? हिशेब लागत नाही. बहिरी बाई 'मी ऐकते आहे' म्हणते आणि मी त्यावर विश्वास ठेवते. टेलिफोन ऑफिसातली मी.

शिवाय डबा रिकामा का दिला? कदाचित उत्तमरावांनाही माहीत नसेल. कदाचित माहीत असेल.

डबा फळीवर ठेवला आहे. येता-जाता हातात घेते. रिकाम्या डब्यापेक्षा जड आहे, हे आज लक्षात आलं. वाकडा केला की आत काहीतरी सरकतं, पण आवाज करत नाही. पट्टी काढणं सोपं आहे. काढणार नाही. नियम आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजच्या डब्यात मुरमुरे होते, लहान पोरानेही ओळखले असते. माणिकताईंच्या नंबरावरून उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं नाही. अ‍ॅडमिनला लक्ष ठेवावं लागतं.

उत्तमरावांना फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला. मला याची सवय नव्हती, काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

"आज उत्तर का दिलं नाही?"

"नियम हाये ना, ताई."

"नियम मला माहीत आहेत," मी म्हटलं. मग विचारलं, जेवलात का. म्हणाले, हो. खोटं बोलत असावेत. आवाजात कोरडेपणा होता.

संध्याकाळी बायका विचारू लागल्या, माणिकताईंचा नंबर अजून गटात कसा. तेव्हा मी सगळं लिहून टाकलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. आपलं बोलणं पाच वर्षं त्यांच्या नवऱ्याने ऐकलं. हे तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही, म्हणून सांगते आहे. नंबर ठेवायचा की काढायचा ते तुम्ही सांगा. मी मत देणार नाही.

मला वाटलं, आता एकेक गट सोडून जाणार. मग बेबीताईंचा व्हॉइस मेसेज आला.

"पाच वर्षं त्या बुवानं माह्या सुनेच्या चुगल्या आयकल्या, आन् माह्या माहेरात एक शब्द फुटला नाई? माह्या घरचा बुवा एक दिवस पोटात ठेवत नाई. राहू द्या जी त्यायले."

त्यानंतर बाकीच्यांनीही राहू द्या लिहिलं. एकीने विचारलं, मग पौर्णिमाला काढलं त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पौर्णिमाला परत घेतलं. तिच्या नवऱ्याला नाही. तो चुकीची उत्तरं द्यायचा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी झाली. सकाळी निवांत लिहिते आहे.

संध्याकाळी भुलाबाईपुढे पाट मांडला, फोन उभा केला, आणि माणिकताईंचा डबा हलवून आवाज टाकला. आवाज म्हणजे माझ्या बांगड्यांचा. डब्यातून काहीच नाही.

"ताई, आवाजच नाही आला."

"ताई, माइक बंद आहे."

"डबा रिकामा आहे का जी?"

मी लिहिलं, रिकामा नाही. हा डबा माणिकताईंनी स्वतः भरला आहे. नीट ओळखा. कोणी लिहिलं कापूस, कोणी खवा, महिनाभराचा खवा म्हणून तिला बाकीच्यांनी हसून घेतलं. पौर्णिमाने लिहिलं, आशीर्वाद. असली उत्तरं मला आवडत नाहीत.

मी डबा मांडीवर घेतला. टेलिफोनच्या कानालाही समजणार नाही, असं बाई म्हणाली होती, आणि ते करून दाखवलं होतं. कान बाजूला ठेवून मी तो हातांत धरला, डोळे मिटून, सावकाश इकडून तिकडे कलवला. आतलं ओझं एका बाजूला सरकलं, जरा थांबलं, मग सगळं एकदम आलं. दाणे असे येत नाहीत. पीठ येतं. चांगलं भाजलेलं, कोरडं पीठ. त्यांना आपल्या डब्याचा आवाज कधी ऐकूच आला नसणार. हाताला कळेल असा भरला.

एवढं कळलं आणि मला रडू आलं. खुशालरावांच्या वेळी आलं नव्हतं. फोनचा माइक चालू नव्हता ना, ते आधी पाहिलं. नव्हता.

पीठ कशाचं ते मला ओळखता आलं नाही. पट्टी काढायच्या आधी सहज गटावर पाहिलं. माणिकताईंच्या नंबरावरून एक शब्द आला होता: "सातू."

झाकण काढलं. सातूचं पीठ. वेलची घातलेलं. फोटो टाकला. मग थोडं काढून गूळ आणि दूध घालून कालवलं आणि भुलाबाईला दाखवून खाल्लं. चव चांगली होती. गूळ मला जरा जास्त झाला.

पण एक गोष्ट पटत नाही. डबा वाजलाच नाही, तर उत्तमरावांनी सातू ओळखलं कसं? मला म्हणाले होते, माहीत नाही. एक तर आधी उघडून पाहिला असणार. किंवा सातू भाजल्याचा वास घरात आला असणार, आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवलं. दोन्ही नियमात बसत नाही.

आज जेवण झाल्यावर फोन करून विचारते. ते उचलतात तरी.